ड्राइव्हचे अक्षर स्क्रिप्टमध्ये नको : सिगविनमधील माउंट आणि पाथ यांची मांडणी

वागळे इस्टेटमधील आपल्या मोजणी-आराखड्यांच्या कार्यालयात विंडोजचे तीन संगणक आहेत, तिन्हींवर सिगविन, म्हणजे युनिक्सच्या कमांड विंडोजवर चालवू देणारा संच, बसवलेले आहे, आणि एका संगणकावर लिहिलेली स्क्रिप्ट दुसऱ्यावर चालत नाही, ही आपली मुख्य अडचण आहे. तिच्या जोडीला आपण आणखी तीन गोष्टी लिहिल्या आहेत. हाताने नीट चालणारी स्क्रिप्ट रात्री टास्क शेड्युलरमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या विंडोजच्या सोयीतून, चालवली की फाइली शोधणारी ‘फाइंड’ ही कमांड भलताच संदेश देते आणि नेटवर्कवरचा झेड ड्राइव्ह सापडत नाही. स्क्रिप्टने बनवलेल्या फोल्डरांच्या परवानग्यांचा क्रम चुकीचा असल्याची तक्रार विंडोज एक्सप्लोरर करतो. आणि हा सगळा व्याप सोडून डब्ल्यूएसएलकडे, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याच्या सोयीकडे, वळावे का, असाही आपला प्रश्न आहे. आपण पाठवलेल्या स्क्रिप्टमध्ये ‘/सिगड्राइव्ह/डी’ हा मजकूर, म्हणजे सिगविनमधले डी ड्राइव्हचे नाव, एकोणीस ठिकाणी आहे. दुसऱ्या संगणकावर तोच साठा ई ड्राइव्हवर आहे, त्यामुळे ती तिथे अडणार हे उघड आहे; पण बाकीच्या अडचणींचेही धागे शेवटी याच सवयीशी जाऊन मिळतात, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. पुढे सर्व कमांड आणि मार्ग देवनागरीत लिहिले आहेत. कीबोर्डवर ते अर्थातच नेहमीप्रमाणे रोमन लिपीत टाइप करायचे आहेत.

सिगविनमध्ये ‘माउंट’ म्हणजे नेमके काय होते, हे आधी स्पष्ट व्हायला हवे, कारण लिनक्सवर काम केलेल्या माणसाचाही इथे गोंधळ होतो. लिनक्समध्ये माउंट केले की कर्नल एखादी फाइल सिस्टिम खरोखर जोडून घेतो. डिस्क नसेल तर माउंट फसते आणि आपल्याला ते लगेच कळते. सिगविनमध्ये असे काही जोडले जात नाही. तिथे एक तक्ता असतो, त्याच्या एका बाजूला युनिक्स पद्धतीचा मार्ग आणि दुसऱ्या बाजूला विंडोजचा मार्ग लिहिलेला असतो, आणि सिगविनचे डीएलएल (त्याचे सर्व प्रोग्राम वापरतात ती सामायिक फाइल) प्रत्येक फाइल उघडताना त्या तक्त्यात पाहून एका नावाचे दुसरे नाव करते. एकाहून अधिक नोंदी लागू पडत असतील, तर ज्या नोंदीचा आरंभीचा भाग सर्वांत लांब जुळतो ती वापरली जाते. यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते : सर्व्हर बंद असला, फोल्डरचे नाव चुकले असले, तरी तक्त्यातली नोंद आपल्या जागी शांतपणे बसून राहते. ‘माउंट’ कमांडने ती नोंद दाखवली म्हणजे पलीकडे खरोखर फोल्डर आहे, असा अर्थ कधीही काढू नये.

नवी मुंबईत पत्ता सांगताना नुसते ‘सेक्टर १५’ म्हणून भागत नाही, कारण सिडकोने प्रत्येक नोडमध्ये सेक्टरांचे आकडे नव्याने सुरू केले आहेत. आधी वाशी, नेरूळ की ऐरोली हे सांगावे लागते. ड्राइव्हचे अक्षर हे तसेच आहे. ‘डी’ म्हणजे कोणत्या संगणकाचा डी, हे त्या अक्षरात नसते. पेन ड्राइव्ह लावलेला असताना नवी डिस्क जोडली तर तेच अक्षर दुसऱ्याच डिस्कला मिळू शकते. म्हणून ‘कामाचा साठा’ या वस्तूला तिन्ही संगणकांवर एकच नाव द्यावे, आणि ते नाव कोणत्या डिस्कवर उतरते हे प्रत्येक संगणकावर फक्त एका फाइलमध्ये लिहावे. ती फाइल म्हणजे ‘/ईटीसी/एफएसटॅब’.

सिगविनची स्थापना ‘सी:\सिगविन६४’ मध्ये झाली असेल, तर ‘/’ म्हणजे तीच डिरेक्टरी. तिच्यातले ‘बिन’ आणि ‘लिब’ हे आपोआप ‘/यूएसआर/बिन’ आणि ‘/यूएसआर/लिब’ म्हणूनही दिसतात, त्यामुळे ‘/बिन’ आणि ‘/यूएसआर/बिन’ या दोन वेगळ्या जागा नाहीत. या तीन नोंदी सिगविन स्वतः ठरवते. त्यांना हात लावण्याचे काहीही कारण नाही, आणि ज्यांनी लावला आहे त्यांचे संगणक दुरुस्त करण्यात माझ्या काही रविवारच्या दुपारी गेल्या आहेत. एफएसटॅबमध्ये मुळात एकच चालू ओळ असते, ती सर्व ड्राइव्ह ‘/सिगड्राइव्ह’ खाली दाखवते. तिच्या खाली आपण आपल्या ओळी जोडायच्या. पहिल्या संगणकावर त्या अशा होतील :

डी:/मोजणी /काम एनटीएफएस बायनरी,नोएसीएल,पॉझिक्स=० ० ०

//साठा/जुनेप्रकल्प /संग्रह एसएमबीएफएस बायनरी,नोएसीएल,पॉझिक्स=० ० ०

दुसऱ्या संगणकावर पहिल्या ओळीत फक्त ‘डी’ च्या जागी ‘ई’ येईल, बाकी काही बदलणार नाही. स्क्रिप्टमध्ये सर्वत्र ‘/काम’ आणि ‘/संग्रह’ एवढेच लिहायचे. ओळीतील पहिला भाग विंडोजचा मार्ग, पण बॅकस्लॅशऐवजी साधा स्लॅश वापरून. दुसरा भाग युनिक्स मार्ग. तिसऱ्या भागातील प्रकाराचे नाव सिगविन प्रत्यक्षात सहसा वापरत नाही, तरी वाचणाऱ्याच्या सोयीसाठी ते खरे लिहावे. चौथ्या भागात पर्याय. आणि शेवटची दोन शून्ये निव्वळ लिनक्सच्या रूढीखातर. मार्गात मोकळी जागा असेल, तर तिथे स्पेस न देता बॅकस्लॅश आणि त्याला जोडून ०४० लिहावे लागते, कारण सिगविन स्पेसला भागांमधली सीमा समजते. आपल्या तिसऱ्या संगणकावरचे फोल्डर ‘मोजणी डेटा’ असे दोन शब्दांचे आहे. तिथे ही खबरदारी घ्यावी लागेल, किंवा त्याहून बरे म्हणजे फोल्डरचेच नाव बदलावे.

देवनागरी नावांविषयी आपण विचारले नव्हते, पण तीनपैकी दोन संगणकांवर तशी फोल्डरे दिसली म्हणून लिहितो. सिगविन फाइलींची नावे युनिकोडमध्येच हाताळते, त्यामुळे ‘लँग’ या व्हेरिएबलमध्ये यूटीएफ-८ असलेला लोकेल (भाषा आणि अक्षरसंचाची निवड) असेल तर देवनागरी नावांची फोल्डरे बिनतक्रार चालतात. तरीही माउंटचे नाव, म्हणजे ओळीतला दुसरा भाग, छोटे, रोमन आणि लहान अक्षरांचे ठेवावे. ते नाव दिवसातून पन्नास वेळा टाइप करावे लागते, आणि जोडाक्षरे असलेले नाव टर्मिनलमध्ये नीट दिसेलच याची खात्री नसते. फाइलींच्या नावात वेळ लिहिण्याची आपली पद्धत मात्र बदला. ‘१०:३०’ अशी विसर्गासारखी खूण विंडोजला नावात चालत नाही. सिगविन तिच्या जागी युनिकोडच्या खासगी पट्ट्यातले एक चिन्ह घालून वेळ मारून नेते, आणि मग तीच फाइल एक्सप्लोररमध्ये चौकोनी ठिपक्यासह दिसते. आपण पाठवलेल्या छायाचित्रात दिसणाऱ्या त्या ‘विचित्र’ फाइली ह्याच आहेत.

एफएसटॅब बदलला की तो लगेच लागू होत नाही. त्या लॉगिनमधली पहिली सिगविन प्रक्रिया सुरू होताना ती फाइल वाचली जाते आणि तक्ता सामायिक स्मृतीत ठेवला जातो. पुढच्या सर्व प्रक्रिया तोच तक्ता पाहतात. म्हणून एक खिडकी बंद करून पुन्हा उघडली तरी जुनाच तक्ता दिसतो, कारण मागे दुसरी खिडकी किंवा ठरल्या वेळी कामे चालवणारी क्रॉनची सेवा जिवंत असते. ‘माउंट -ए’ ने नव्या ओळी लगेच घेता येतात, पण जुनी ओळ बदलली असेल तर सर्व सिगविन प्रक्रिया बंद करून नव्याने सुरुवात करणे हेच खात्रीचे. टर्मिनलमध्ये हाताने केलेले माउंट हे तात्पुरते असते. शेवटची सिगविन प्रक्रिया संपली की तेही संपते. एकाच व्यक्तीला वेगळी नोंद हवी असेल, तर ‘/ईटीसी/एफएसटॅब.डी’ या डिरेक्टरीत तिच्या लॉगिन नावाची फाइल करून त्यात ती लिहिता येते. तीन माणसांच्या कार्यालयाला याची गरज पडू नये.

इथे एक इशारा. डिसेंबर २००९ मध्ये सिगविन १.७ आले, त्यापूर्वी हा तक्ता विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या सेटिंगच्या साठ्यात, राहत असे. तेव्हा महापे येथे मी ज्या विभागात काम करत होतो, तिथे रजिस्ट्रीचा तो तुकडा एका फाइलमध्ये काढून नव्या संगणकावर ओतण्याची पद्धत होती, आणि तिच्या टिपणांच्या झेरॉक्स कितीतरी हातांत गेल्या. रजिस्ट्रीत माउंटची नोंद करायला सांगणारी कोणतीही सूचना कुठे आढळली तर ती त्या काळातली आहे असे समजून बाजूला ठेवावी.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, कारण आपली रात्रीची स्क्रिप्ट त्याच वाटेवर उभी आहे. एका कार्यालयात मी ‘/संग्रह’ अशी नोंद केली होती आणि शेलमध्ये (कमांड घेणाऱ्या प्रोग्राममध्ये) नाव पुरे होण्याची सोय मिळावी म्हणून त्याच नावाची रिकामी डिरेक्टरीही ‘एमकेडीआयआर’ ने बनवली होती.  ती नसली तरी माउंट चालते. पुढे संगणक बदलला, सिगविन नव्याने बसवले, डिरेक्टरी बनवली, आणि एफएसटॅबची ओळ मात्र नकल करायची राहिली. स्क्रिप्टला ‘/संग्रह’ सापडत होते, लिहिताही येत होते, आणि ती रोज रात्री ‘काम पूर्ण’ असे लॉगमध्ये लिहीत होती. सगळ्या प्रती ‘सी:\सिगविन६४\संग्रह’ मध्ये साठत होत्या. सी ड्राइव्ह भरून संगणक कण्हायला लागला तेव्हा, सुमारे पाच आठवड्यांनी, हा प्रकार लक्षात आला; तोवर सर्व्हरवर एकही नवी प्रत गेलेली नव्हती. याच्या उलट दिशेचा अपघात याहून वाईट असतो : स्रोत म्हणून रिकामी डिरेक्टरी मिळाली आणि ‘आरसिंक’ या नक्कल करणाऱ्या कमांडला जादा फाइली पुसण्याचा पर्याय दिलेला असला, तर ते प्रामाणिकपणे सगळा संग्रह पुसून टाकते.

यावरचा उपाय साधा आहे. खऱ्या फोल्डरमध्ये, म्हणजे सर्व्हरवर आणि डी ड्राइव्हवर, एक छोटी खूण-फाइल ठेवायची, समजा ‘.खरीजागा’, आणि स्क्रिप्टच्या पहिल्या पाच ओळींत ती फाइल आहे का हे तपासून नसेल तर तिथेच थांबायचे. ‘माउंट’ च्या उत्तरात नाव शोधण्यापेक्षा ही तपासणी अधिक भरवशाची आहे, कारण वर म्हटल्याप्रमाणे नोंद असूनही पलीकडे सर्व्हर बंद असू शकतो. पावसाळ्यात वीज गेली आणि आली की संगणक दोन मिनिटांत उभा राहतो, साठ्याचा सर्व्हर दहा मिनिटे घेतो; नेमक्या त्या अंतरात शेड्युलरची वेळ आली तर ही एक ओळ रात्र वाचवते.

परवानग्यांचा प्रश्न आता सुटसुटीत होतो. सिगविन मुळात युनिक्सचे मालक, गट आणि इतर हे तीन दर्जे विंडोजच्या परवानगी-यादीत (एसीएल) बसवण्याचा प्रयत्न करते. तसे करताना यादीतील नोंदींचा जो क्रम तयार होतो, तो विंडोज एक्सप्लोररला अपेक्षित असलेल्या क्रमाशी जुळत नाही, आणि आपण परवानग्यांची खिडकी उघडली की तो त्या क्रमावर बोट ठेवून तो ‘सुधारून’ देऊ का असे विचारतो. क्रम तसा असणे हा बिघाड नव्हे. सुधारणा स्वीकारल्यावर मात्र सिगविनच्या बाजूने परवानग्या बिघडू शकतात. ज्या फोल्डरांत विंडोजचे प्रोग्राम आणि सिगविन दोघेही लिहितात, तिथे ‘नोएसीएल’ हा पर्याय द्यावा, म्हणूनच तो वरच्या दोन्ही ओळींत आहे. मग सिगविन यादीला हात लावत नाही आणि नव्या फाइली वरच्या फोल्डरचे हक्क नेहमीप्रमाणे घेतात. आधीच बिघडलेल्या फोल्डरांवर मात्र याचा परिणाम होत नाही. त्यांच्या परवानग्या प्रशासकाच्या हक्काने ‘आयसीएसीएलएस’ या विंडोजच्या कमांडला ‘रीसेट’ हा पर्याय देऊन एकदा मूळपदावर आणाव्या लागतील. ते काम नोएसीएल लावल्यानंतर करावे, आधी नव्हे.

नोएसीएलची किंमतही माहीत असावी. अशा जागी परवानग्या बदलणाऱ्या ‘सीएचमॉड’ चा जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. फाइल केवळ वाचण्याजोगी करणे एवढेच त्याला जमते. फाइल चालवण्याजोगी आहे की नाही हे सिगविन तिच्या आरंभीच्या खुणेवरून किंवा ‘ईएक्सई’ या शेवटावरून ठरवते, म्हणून प्रत्येक स्क्रिप्टची पहिली ओळ नीट असली पाहिजे. आणि एसएसएचची (दुसऱ्या संगणकावर सुरक्षित लॉगिनची) खासगी किल्ली अशा जागी कधीही ठेवू नये. तिच्या परवानग्या कितीही आवळल्या तरी त्या खुल्याच दिसतात आणि एसएसएच ती किल्ली नाकारते. किल्ल्या सिगविनच्या आतील ‘/होम’ मध्ये राहू द्याव्यात, तिथे एसीएल चालू असते. काही जण ‘/ईटीसी/एनएसस्विच.कॉन्फ’ मध्ये बदल करून विंडोजचे युजर्स फोल्डर हेच सिगविनचे होम करतात आणि पुढे केव्हातरी ‘/सिगड्राइव्ह’ च्या ओळीवर नोएसीएल लावतात. दोन्ही गोष्टी एकेकट्या चालतात, एकत्र आल्या की किल्ली नाकारली जाते आणि कारण सापडता सापडत नाही. आपल्या एका संगणकावर विंडोजचे लॉगिन नाव नाव-आडनाव असे स्पेससह आहे. तिथे मात्र याच फाइलमध्ये ‘डीबी_होम’ ला स्पेस नसलेला मार्ग देणे योग्य ठरेल, कारण जुन्या मेकफाइली (प्रोग्राम बांधण्याच्या सूचना) स्पेस असलेल्या होमवर अडखळतात.

‘बायनरी’ बद्दल एकच वाक्य पुरे : ‘टेक्स्ट’ प्रकारचे माउंट वापरू नका, ते ओळीच्या शेवटच्या खुणा गुपचूप बदलते आणि मोजणीच्या बायनरी फाइलींचा बाइटांचा हिशेब चुकवते, नोटपॅडमध्ये लिहिलेली स्क्रिप्ट कॅरेज रिटर्नवरून तक्रार करू लागली तर तिला ‘डॉस२युनिक्स’ मधून काढा.

अक्षरांच्या लहान-मोठेपणाचा पर्याय, म्हणजे ‘पॉझिक्स=०’, तसाच ठेवा. त्याने विंडोजप्रमाणेच नावातील लहान-मोठ्या अक्षरांत भेद केला जात नाही. भेद हवा असेल तर ‘पॉझिक्स=१’ लिहून पुरत नाही, विंडोजच्या रजिस्ट्रीत कर्नलचे एक मूल्यही बदलावे लागते आणि संगणक पुन्हा सुरू करावा लागतो; आणि मग एकाच फोल्डरात केवळ अक्षरांच्या आकारात फरक असलेल्या दोन फाइली तयार होऊ शकतात, ज्यांतली कोणती उघडेल हे आपल्या मोजणीच्या सॉफ्टवेअरला सांगता येणार नाही.

आता ‘फाइंड’ कडे. आपण लॉगमधून जो संदेश पाठवला, ‘पॅरामीटर फॉरमॅट नॉट करेक्ट’, तो सिगविनच्या फाइंडचा नाहीच. विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरातही ‘फाइंड’ नावाचा एक प्रोग्राम असतो, तो फाइलींत मजकूर शोधतो; आपल्या स्क्रिप्टने त्यालाच हाक मारली. ‘सॉर्ट’ चेही तसेच आहे. विंडोज १० च्या २०१८ मधील १८०३ या आवृत्तीपासून सिस्टम३२ मध्ये ‘टार’ आणि ‘कर्ल’ ही आली, आणि डब्ल्यूएसएल बसवले असेल तर ‘बॅश’ हा शेल सुद्धा तिथेच असतो. नाव एक, माणसे दोन, आणि कोणाला हाक ऐकू जाईल हे पाथ व्हेरिएबलमधल्या, म्हणजे प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांच्या यादीतल्या, क्रमावर अवलंबून. गंमत अशी की चुकीचे ‘फाइंड’ निदान ओरडते तरी. चुकीच्या ‘सॉर्ट’ ला कोणताही पर्याय न देता हाक मारली, तर ते काही न बोलता आपल्या परीने फाइल लावून देते, आणि वेगळा लागलेला क्रम आठवडाभराने आराखड्यावर दिसतो.

हाताने चालवताना सगळे ठीक का होते? कारण सिगविनची खिडकी लॉगिन शेल उघडते, तो ‘/ईटीसी/प्रोफाइल’ वाचतो, आणि ती फाइल ‘/यूएसआर/लोकल/बिन’ व ‘/यूएसआर/बिन’ या दोन जागा विंडोजच्या पाथच्या पुढे लावते. टास्क शेड्युलरमध्ये आपण ‘बॅश’ ला सरळ स्क्रिप्टचे नाव दिले आहे. तो शेल लॉगिन शेल नसतो, प्रोफाइल वाचत नाही, आणि त्याला विंडोजचा पाथ जसा आहे तसा मिळतो. सुरुवातीला ‘कमांड सापडली नाही’ असे आले म्हणून आपण ‘सी:\सिगविन६४\बिन’ विंडोजच्या पाथच्या शेवटी जोडले, असे पत्रात आहे. त्यामुळे ‘ऑक’ आणि ‘सेड’ सापडू लागले, पण ज्यांची जुळी भावंडे सिस्टम३२ मध्ये आहेत ती मात्र आधी तिथेच सापडतात. विंडोज आधी संपूर्ण संगणकाचा पाथ घेते आणि त्यामागे त्या व्यक्तीचा पाथ जोडते, त्यामुळे व्यक्तीच्या पाथमध्ये पुढे-मागे करून सिस्टम३२ च्या पुढे जाता येत नाही.

मग संगणकाच्या पाथमध्येच सिगविनला पहिले स्थान द्यावे का? माझे स्पष्ट मत आहे की देऊ नये. तसे केले की विंडोजच्या बॅच फाइली आणि इतर कंपन्यांचे इन्स्टॉलर ‘फाइंड’ म्हणतात तेव्हा त्यांना युनिक्सचे फाइंड मिळते, आणि बिघाड अशा ठिकाणी उगवतो की त्याचा सिगविनशी संबंध कोणाच्या मनातही येत नाही. आपण जोडलेली ती शेवटची नोंदही काढून टाकावी. सिगविनचा पाथ सिगविनच्या आत राहू द्यावा, आणि शेड्युलरमध्ये प्रोग्राम म्हणून ‘सी:\सिगविन६४\बिन\बॅश.ईएक्सई’ व त्यापुढे ‘-एल’ हा पर्याय आणि मग ‘/काम’ पासून सुरू होणारा स्क्रिप्टचा पूर्ण मार्ग लिहावा. ‘-एल’ मुळे तो लॉगिन शेल होतो आणि प्रोफाइल वाचले जाते. लॉगिन शेल आधी होम डिरेक्टरीत जातो, हे लक्षात असू द्यावे. ज्या स्क्रिप्टना सुरुवातीची डिरेक्टरी टिकून हवी असते त्यांच्यासाठी ‘सीएचईआरई_इन्व्होकिंग’ हे व्हेरिएबल १ असे ठेवण्याची सोय आहे, पण पूर्ण मार्ग लिहिण्याची सवय असेल तर तिची गरज पडत नाही.

गिट फॉर विंडोज आपल्या एका संगणकावर आहे, तेही पाहिले. त्याच्याबरोबर स्वतंत्र बॅश आणि स्वतंत्र युनिक्स साधने येतात, ती एमएसवायएस२ या सिगविनपासूनच निघालेल्या शाखेची आहेत. तिथे डी ड्राइव्ह ‘/डी’ असा दिसतो, ‘/सिगड्राइव्ह/डी’ असा नाही, आणि विंडोजच्या प्रोग्रामला दिलेला स्लॅशने सुरू होणारा प्रत्येक शब्द मार्ग समजून आपोआप बदलला जातो. दोन्ही एका संगणकावर सुखाने नांदतात; एकाच्या पाथमध्ये दुसऱ्याचे बिन घालू नये, एवढेच पथ्य आहे.

झेड ड्राइव्ह रात्री का सापडत नाही, याचे कारण विंडोजमध्येच आहे. नेटवर्क ड्राइव्हला दिलेले अक्षर हे त्या लॉगिन सत्रापुरते असते. ‘वापरकर्ता लॉगिन असो वा नसो चालवा’ असा पर्याय निवडलेले काम वेगळ्या सत्रात चालते आणि तिथे झेड नावाचे काही नसते. प्रशासकाच्या हक्काने उघडलेल्या खिडकीतही तो कित्येकदा दिसत नाही तो याचमुळे. एफएसटॅबच्या दुसऱ्या ओळीत मी अक्षराऐवजी ‘//साठा/जुनेप्रकल्प’ असा सर्व्हरच्या नावाचा मार्ग लिहिला तो म्हणूनच. शेड्युलरच्या त्याच पानावर ‘पासवर्ड साठवू नका’ अशी एक चौकट असते, ती रिकामी ठेवावी. ती निवडली तर त्या कामाला केवळ स्थानिक संगणकावरील गोष्टींपर्यंत पोहोचता येते आणि सर्व्हर प्रवेश नाकारतो. तसेच नेटवर्कवरचा कोणताही मार्ग पाथ व्हेरिएबलमध्ये ठेवू नये; सर्व्हर झोपलेला असला की साधी कमांड शोधतानाही शेल त्याची वाट पाहत बसतो.

विंडोजच्या मोजणी-सॉफ्टवेअरला ‘/काम’ म्हणजे काय हे कळणार नाही, कारण तो तक्ता फक्त सिगविनच्या प्रोग्रामांना माहीत असतो. त्याला फाइल देताना स्क्रिप्टमध्ये ‘सिगपाथ -डब्ल्यू’ वापरून मार्गाचे रूपांतर करावे. मी स्वतः ‘-एम’ पसंत करतो, त्यात ड्राइव्हचे अक्षर येते पण स्लॅश साधाच राहतो, आणि बॅकस्लॅशभोवती अवतरणांची कसरत करावी लागत नाही. अर्धविरामाने जोडलेली मार्गांची यादी असेल तर ‘-पी’ जोडावा. पाथ, होम आणि टेंप अशा मोजक्या व्हेरिएबलांचे रूपांतर सिगविन आपणहून करते. आपल्या सॉफ्टवेअरचे स्वतःचे जे व्हेरिएबल आहे, त्याचे करत नाही, ते स्क्रिप्टमध्ये हातानेच करावे लागेल.

डब्ल्यूएसएलबद्दल माझे उत्तर, सध्या तरी, नकारार्थी आहे. तो उत्तम आहे, आणि लिनक्ससाठीच लिहिलेली साधने हवी असतील तर त्याला पर्याय नाही. पण आपला सगळा साठा विंडोजच्या डिस्कवर आहे आणि त्यावर विंडोजचे सॉफ्टवेअर दिवसभर काम करते. डब्ल्यूएसएल २ मधून ‘/एमएनटी/डी’ वरच्या फाइली वाचताना प्रत्येक वेळी दोन यंत्रणांमधली भिंत ओलांडावी लागते, आणि हजारो छोट्या फाइलींच्या कामात तो वेग जाणवण्याइतका कमी असतो. सिगविनचीही खोट आहे, नवी प्रक्रिया सुरू करण्यात ते मंद आहे, पण आपल्या स्क्रिप्टमध्ये तसा भार दिसला नाही. पुढे कधी दोन्हींवर चालणारी स्क्रिप्ट लागलीच, तर डब्ल्यूएसएलमध्येही ‘/काम’ हेच नाव तयार करता येईल, तिथल्या एफएसटॅबमध्ये ‘डीआरव्हीएफएस’ प्रकाराची ओळ लिहून. स्क्रिप्टला दोन्हीकडे फरक कळणारही नाही.

कामाचा क्रम असा ठेवावा. शनिवारी कार्यालय सुटल्यावर पहिल्या संगणकावर एफएसटॅबच्या ओळी लिहा, सर्व सिगविन बंद करून पुन्हा उघडा, खूण-फाइली ठेवा, आणि एकोणीस ठिकाणचा ‘/सिगड्राइव्ह/डी/मोजणी’ बदलून ‘/काम’ करा. विंडोजच्या पाथमधली जोडलेली नोंद काढा आणि शेड्युलरचे काम ‘-एल’ सह नव्याने लिहा. मग स्क्रिप्टच्या आरंभी तात्पुरत्या तीन ओळी घाला : ‘माउंट’ चे उत्तर, ‘टाइप -ए फाइंड सॉर्ट’ चे उत्तर आणि ‘एलएस /संग्रह’ चे उत्तर लॉगमध्ये लिहिणाऱ्या. संगणकातून पूर्ण लॉगआउट करा, दहा मिनिटांनंतरची वेळ लावून काम आपोआप चालू द्या, आणि परत आल्यावर लॉग उघडा. ‘टाइप’ च्या उत्तरात दोन्ही नावांपुढे ‘/यूएसआर/बिन’ पहिले असेल आणि ‘एलएस’ ने सर्व्हरवरची खरी फोल्डरे दाखवली असतील, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या संगणकाला हात लावायला हरकत नाही. तसे नसेल तर तो लॉग जसाच्या तसा मला पाठवा, स्क्रिप्ट पाठवण्याची गरज नाही.